सिबिल शून्यातून कसं उभं करायचं: पुण्यात पहिल्या नोकरीला लागलेल्यांसाठी

लातूरहून पुण्यात आले तेव्हा मी कर्वेनगरला कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन, राहायचे आणि भोसरीच्या कंपनीत जायला रोज दोन बस बदलायचे. नोकरीला आठ महिने झाल्यावर स्कूटर घ्यायची ठरवली. शोरूममधल्या मुलाने पॅन नंबर टाकला, थोडा वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुमचं सिबिलच निघत नाही." मला वाटलं, आपल्या नावावर काहीतरी भानगड आहे. घरी विचारलं, बँकेत विचारलं. कुणाचा रुपया मी बुडवला नव्हता. अडचण नेमकी तीच होती: कुणाचा रुपया मी कधी घेतलाही नव्हता.

बाबांची पत गावात सगळ्यांना ठाऊक आहे. वाण्याच्या वहीत महिन्याचं सामान लिहिलं जातं, पगाराला हिशेब चुकता होतो, कुणी कागद मागत नाही. पुण्यात माझ्याबद्दल तसं सांगणारं कुणी नव्हतं. इथे ती वही म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, आणि माझी वही कोरी होती. त्या दिवशी कर्ज मिळालं नाही. सव्वा वर्षाने त्याच पॅनवर मिळालं. मधल्या काळात काय केलं आणि कुठे ठेच लागली, ते क्रमाने सांगते.

आधी एक समजून घ्या. आपण ज्याला सरसकट 'सिबिल' म्हणतो ते एका कंपनीचं नाव आहे. भारतात अशा चार क्रेडिट कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या तुमच्या कर्जाची माहिती त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० मधला स्कोअर निघतो. ७५० च्या पुढे असेल तर बँकेत बोलणं सोपं जातं. नोंदच नसेल तर आकड्याच्या जागी 'एनएच' किंवा उणे एक दिसतं. याचा अर्थ 'माहिती नाही' एवढाच, 'वाईट' नव्हे.

पगार, बचत खात्यातली शिल्लक, डेबिट कार्ड, बचत खात्यातून केलेलं यूपीआय, एसआयपी यांतलं काहीही स्कोअरमध्ये धरलं जात नाही. भिशीही नाही. मी दोन वर्षं भिशीचा एकही हप्ता चुकवला नव्हता, त्याची कुठेच नोंद नाही. स्कोअर घडतो तो फक्त उसने घेतलेले पैसे वेळेवर परत केल्याने.

आणखी एक, तुमच्या बाजूचं. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आहे. याचा अर्थ कर्ज मिळेलच असा नाही, कारण बँक पगार, नोकरी, बाकीची देणी पाहणारच. पण "सिबिल नाही, विषय संपला" असं कुणी तोंडावर म्हणालं तर ही गोष्ट शांतपणे सांगा आणि शाखाधिकाऱ्यांना भेटायचं आहे म्हणा.

१. आधी आपल्या नावावर काय आहे ते बघा

'माझ्या नावावर काहीच नाही' असं गृहीत धरू नका. पुण्यात शिकायला आलेल्या कितीतरी जणांचं शैक्षणिक कर्ज असतं, आणि ते वडिलांचं आहे असाच घरात समज असतो. प्रत्यक्षात मुख्य कर्जदार विद्यार्थी असतो, आई किंवा वडील सहकर्जदार. माझ्या रूममेटचं असंच झालं. शिक्षण संपल्यानंतरची सवलतीची मुदत संपली, हप्ता सुरू झाल्याचं पत्र गावच्या पत्त्यावर गेलं, ते कुणी उघडलं नाही. तीन हप्ते थकल्यावर तिला कळलं, तेही स्वतःचा रिपोर्ट पाहिल्यावर.

चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा. तिथे पैसे भरायचे पर्याय आधी डोळ्यांत भरतात, मोफत वार्षिक रिपोर्टचा दुवा नीट शोधावा लागतो. मी दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा रिपोर्ट काढते, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. कमी होतो तो कर्जासाठी एकामागून एक अर्ज टाकल्याने, कारण प्रत्येक अर्जासाठी बँकेने केलेली चौकशी तिथे नोंदली जाते. शोरूममध्ये नकार मिळाल्यावर मी त्याच आठवड्यात मोबाईलवरून आणखी चार ठिकाणी अर्ज टाकले. चारही चौकशा रिपोर्टमध्ये दिसत होत्या. तुम्ही तसं करू नका.

२. नाव, पत्ता आणि मोबाईल एकसारखे करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण इथेच सगळ्यात जास्त जण अडकतात. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव मधे असतं, कधी नसतं. बँकेच्या खात्यात एखादं इंग्रजी अक्षर वेगळं. यंत्राला ही दोन माणसं वाटू शकतात, आणि तुमची नोंद दोन ठिकाणी विभागली जाते किंवा दुसऱ्या कुणाची तुमच्यात मिसळते. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदलणाऱ्या मुलींनी तर हे फार जपून करावं. पॅन, आधार आणि बँक यांतलं नाव एकाच सुमारास बदला. एक आत्ता, दुसरं तीन वर्षांनी, असं नको.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

- पॅन कार्ड, आधारशी जोडलेलं
- आधार, आणि त्याला जोडलेला चालू मोबाईल नंबर (गावाकडचा जुना नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या, ओटीपीशिवाय पुढचं काहीच हलत नाही)
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप
- पगार जमा होतो त्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट
- पुण्याच्या पत्त्याचा पुरावा

शेवटच्याचीच पुण्यात खरी अडचण. फ्लॅट भाड्याने घेतला असेल तर नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करारनामा चालतो. पण कॉट बेसिसवर राहणाऱ्याच्या नावाने करारच नसतो. मी कंपनीच्या एचआरकडून राहण्याच्या पत्त्याचा उल्लेख असलेलं पत्र घेतलं. बँकेने कायमचा पत्ता लातूरचा ठेवला आणि पत्रव्यवहाराचा पत्ता पुण्याचा घेतला. तुमची बँक काय घेते ते आधी विचारा. खोटा करारनामा करून देणारे एजंट भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पुढे पत्त्याची पडताळणी होते तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, एजंटला नाही.

३. मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड घ्या

कोऱ्या वहीवाल्यासाठी मला सापडलेला सगळ्यात सरळ मार्ग हाच. बँकेत एफडी करायची आणि तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड मागायचं. बँकेला धोका नसतो, म्हणून जुनी नोंद नसली तरी कार्ड मिळतं. मर्यादा साधारण ठेवीच्या ७५ ते ९० टक्के असते. मी २०,००० रुपयांची एफडी केली, १६,००० ची मर्यादा मिळाली. एफडीवर व्याज चालूच राहतं, फक्त कार्ड सुरू असेपर्यंत ती मोडता येत नाही. म्हणून अडीअडचणीला लागणारे पैसे यात अडकवू नका.

अर्ज करताना मी चार प्रश्न विचारले होते, तेच तुम्हीही विचारा. वार्षिक फी किती आणि दुसऱ्या वर्षी किती? मर्यादा ठेवीच्या किती टक्के? हे कार्ड चारही कंपन्यांना कळवलं जातं का? वर्ष-दीड वर्षाने ठेव सोडवून साधं कार्ड देता का?

तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. आपल्याकडे पतसंस्थांचं जाळं मोठं आहे आणि ओळखीने तिथे पटकन कर्ज मिळतं. पण बऱ्याच पतसंस्थांकडून ही माहिती क्रेडिट कंपन्यांपर्यंत जातच नाही. तिथे पाच वर्षं चोख हप्ते भरले तरी तुमचा रिपोर्ट कोराच राहू शकतो. गरजेला पतसंस्था उपयोगी पडते, पत बांधायला पडेलच असं नाही. ठेव बँकेत ठेवताना एवढं लक्षात असू द्या की ठेव विमा एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच आहे.

मॉलमध्ये किंवा आयटी पार्कच्या गेटवर 'लाइफटाइम फ्री कार्ड' म्हणून फॉर्म भरून घेणारी मुलं उभी असतात. नोंद नसलेल्याचा तो अर्ज बहुतेक वेळा नाकारला जातो आणि चौकशी तेवढी रिपोर्टमध्ये राहते. त्यापेक्षा तुमचा पगार जमा होतो त्या शाखेत जा.

कार्ड कुरिअरने येतं आणि बहुधा ओळखपत्र पाहून तुमच्याच हातात देतात. दिवसभर कामावर असाल तर कुरिअरवाल्याचा मेसेज आल्याबरोबर त्याला फोन करा. माझं कार्ड दोनदा परत गेलं होतं.

४. बिलाची तारीख समजून घ्या

मला कुणी फक्त एक गोष्ट नीट समजावून सांगितली असती तर ती ही हवी होती. क्रेडिट कार्डाला दोन तारखा असतात. एक बिल बनायची, दुसरी बिल भरायची. समजा बिल दर महिन्याच्या १५ तारखेला बनतं आणि भरायची तारीख पुढच्या महिन्याची ५. मग १६ जून ते १५ जुलै या काळातला खर्च १५ जुलैच्या बिलात येतो आणि ५ ऑगस्टपर्यंत भरायचा असतो. पूर्ण बिल वेळेत भरलं तर व्याज शून्य. १६ जूनला केलेल्या खर्चाला अशा वेळी जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात.

पगार ७ तारखेला आणि बिल भरायची तारीख ५ असेल तर दर महिन्याला ओढाताण होणार. बिलाचं चक्र निदान एकदा बदलून घ्यायची मुभा बँकेने द्यायलाच हवी, असा नियम आहे. मी बदलून घेतलं, बिल भरायची तारीख पगारानंतर पाच दिवसांनी येईल असं. त्यानंतर कधीच धावपळ झाली नाही.

आता 'मिनिमम ड्यू'. बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय आणि किमान देय. १०,००० च्या बिलावर किमान देय ५०० रुपये दिसतं आणि वाटतं, या महिन्यात एवढंच भरू. मग उरलेल्या ९,५०० वर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे ३३२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३९२. म्हणजे पुढच्या महिन्यात ५०० भरले तर मूळ देणं जेमतेम शंभर रुपयांनी कमी होणार. वरून नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज, कारण बिनव्याजी मुदत गेलेली असते. किमान रक्कम भरली की रिपोर्टमध्ये थकबाकी दिसत नाही हे खरं, पण खिसा रिकामा होतो आणि देणं वाढत जातं. आपण फक्त 'एकूण देय' हाच आकडा बघायचा.

किती वापरायचं? मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत. १६,००० च्या मर्यादेत मी महिन्याला ४,००० च्या वर जात नव्हते. बिल बनायच्या दिवशी जी बाकी असते तीच सहसा कळवली जाते. त्यामुळे एखाद्या महिन्यात दिवाळीची खरेदी किंवा गावी जायची तिकिटं यांनी खर्च वाढला तर बिल बनायच्या आधीच थोडी रक्कम भरून टाका. मर्यादा पूर्ण वापरून वेळेवर भरणाऱ्याला आपण चांगलं समजतो, पण बँकेला तो पैशाच्या ओढीतला माणूस वाटतो.

कार्डावर एटीएममधून रोख काढू नका. त्याला बिनव्याजी मुदत नसते, फी वेगळी आणि व्याज काढल्या क्षणापासून.

कशावर वापरायचं? जो खर्च एरवीही करणारच आहात त्यावर. माझा ठरलेला होता: महिन्याचा किराणा, मोबाईल रिचार्ज आणि पुढे पेट्रोल. कार्ड रुपे असेल तर ते यूपीआयला जोडता येतं आणि दुकानाच्या क्यूआर कोडवर चालतं, मित्रमैत्रिणींना पैसे पाठवायला चालत नाही. सोय आहे, पण चहा-वडापावचे वीस-वीस रुपये महिन्याअखेर किती होतात ते बिल आल्यावरच कळतं. मी पहिले सहा महिने मुद्दाम जोडलं नाही.

५. ऑटो-डेबिट लावा आणि कशावर लावलंय ते तपासा

मी ऑटो-डेबिट पहिल्याच महिन्यात लावलं आणि निर्धास्त झाले. तिसऱ्या बिलात व्याज दिसलं. फॉर्मवर 'किमान देय' या चौकोनात आधीच खूण होती, ती मी पाहिली नव्हती. बँकेकडे भांडून काही उपयोग झाला नाही, सही माझी होती. तेव्हा 'एकूण देय' निवडलंय याची खात्री करा, आणि पहिल्या महिन्यात प्रत्यक्ष किती रक्कम कापली गेली तेही पाहा.

त्या तारखेला खात्यात पैसे नसतील तर डेबिट बाऊन्स होतं आणि दोन्हीकडून दंड लागू शकतो. घरभाडं आणि बिल यांच्या तारखांमध्ये अंतर ठेवा. कार्डाच्या बाबतीत देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच दंड लावायचा किंवा थकीत म्हणून कळवायचं, असा नियम आहे. विसरलात तर घाबरून बसू नका, त्याच दिवशी भरा. मात्र हे तीन दिवस सवयीचे करू नका.

रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली महिन्यांची ओळ असते आणि किती दिवस उशीर झाला ते दिसतं. '०००' म्हणजे उशीर नाही. ही ओळ छत्तीस महिने मागे जाते. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती कळवावी लागते, त्यामुळे चूकही लवकर दिसते आणि सुधारणाही.

६. सहा महिन्यांनी स्कोअर, मग दुसरं खातं

साधारण सहा महिन्यांत पहिला आकडा दिसायला लागतो. लगेच दुसरं कार्ड घेऊ नका. वर्षभराने खरी गरज असेल तर एखादं हप्त्याचं कर्ज घ्या. मी स्कूटरचं घेतलं. कार्ड आणि हप्ता असे दोन प्रकार नीट चालले की नोंद भक्कम होते. स्कोअर वाढावा म्हणून नको असलेली वस्तू हप्त्यावर घेण्यात काही अर्थ नाही.

कर्ज फिटलं की काम संपत नाही. बँकेकडून एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) घ्या, आरटीओत आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, बँकेचा बोजा उतरवा, आणि रिपोर्टमध्ये खातं 'क्लोज्ड' दिसतंय का ते पाहा. पहिलं कार्ड, फी नसेल तर, बंद करू नका. तुमची सगळ्यात जुनी नोंद तीच असते.

७. नाही म्हणायला शिका

मित्राला फोन घ्यायचाय, त्याचं सिबिल खराब आहे, 'तुझ्या नावावर घे, हप्ता मी भरतो.' पुण्यात माझ्या ओळखीत सगळ्यात जास्त सिबिल याच एका वाक्याने बिघडली आहेत. हप्ता त्याने चुकवला तरी ओळ तुमची खराब होते. कुणाला मदत करायचीच असेल तर जमेल तेवढे रोख द्या, नाव देऊ नका.

जामीन राहणं त्याहून अवघड, कारण सांगणारा काका किंवा मामा असतो. "फक्त सही हवी आहे" असं म्हणतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्येही येऊ शकतं. मी मामाला सांगितलं, "मामा, मला पुढे घरासाठी कर्ज काढायचं आहे, बँक तुमचं कर्जही माझ्यातच धरेल." मामा चार दिवस रागावले, मग बोलायला लागले.

पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अॅपपासून दूर राहा. घ्यावंच लागलं तर मागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत फायनान्स कंपनी आहे ते बघा, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा अॅपची यादी आहे. पैसे थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत आणि एकूण खर्च सांगणारं पत्रक आधी मिळालं पाहिजे. फोनमधले नंबर आणि फोटो मागणारं अॅप तिथल्या तिथे काढून टाका. 'आत्ता घ्या, नंतर द्या' ही सोयसुद्धा बऱ्याचदा कर्ज म्हणूनच नोंदली जाते, ८०० रुपयांची असली तरी.

'सेटलमेंट' या शब्दाला भुलू नका. थकलेल्या २०,००० ऐवजी १२,००० भरून मोकळे व्हा असा फोन येतो, पण खात्यावर 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढच्या बँकेला तो 'पूर्ण फेडलं नाही' असाच वाचता येतो. जमत असेल तर मुदत मागा आणि पूर्ण भरा. पैसे घेऊन सिबिल 'साफ' करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद तुम्हाला स्वतःला फुकट दुरुस्त करून घेता येते.

८. चूक सापडली तर

मी काढलेल्या रिपोर्टांपैकी एका कंपनीच्या रिपोर्टमध्ये एक अनोळखी कर्ज होतं, माझ्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचं. क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर त्या खात्यासमोर तक्रार नोंदवली, पॅन आणि आधारची प्रत जोडली, आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेलाही ईमेल केला. दोन्हीकडे एकदमच कळवा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत राहतो. तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम २०२४ पासून लागू आहे. माझ्या मेलमध्ये ते एक वाक्य मी लिहिलं होतं. बाविसाव्या दिवशी नोंद निघाली.

तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट कंपन्यांविरुद्धच्या तक्रारीही तिथे चालतात. अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे, वकील लागत नाही. चौकशीसाठी नंबर १४४४८. फोन करण्याआधी तक्रार क्रमांक, मूळ तक्रारीची तारीख आणि आलेलं उत्तर समोर घेऊन बसा, कारण ते आधी हेच विचारतात.